शुक्रवारची साक्ष

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. 'वाटायचा' असं म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. पण बरं दिसायच्या नादात मी एकदा जे करून बसलो, तेच तर सांगायचं आहे. तेव्हा आधीच कबूल केलेलं बरं. वाटायचा नाही, वाटतो.

आमचं सलून मूळचं सासऱ्यांचं. त्यांना मुलगा नव्हता. दोन मुली होत्या आणि दोन खुर्च्या होत्या. थोरलीशी माझं लग्न झालं आणि दाराजवळची खुर्ची माझ्याकडे आली. आतली खुर्ची त्यांची स्वतःची. ती पुढेमागे आपल्याच हाताखाली येणार, तिथे आपण एखादा पगारी माणूस ठेवू आणि मालक म्हणून मिरवू, असे मांडे मी मनात खात होतो. सासरे थकले आणि त्यांनी धाकट्या जावयाला बोलावून त्या खुर्चीमागे उभं केलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी हसून म्हणालो, बरं झालं, घरचाच माणूस आला. त्या दिवशी जेवण काही गेलं नाही.

सासऱ्यांचा एक नियम होता, तो त्यांच्यामागेही आम्ही पाळत आलो. भिंतीला लागून बाक आहे, त्यावर दाटीवाटीने सहा माणसं बसतात. जो आधी आला त्याचा नंबर आधी, आणि जी खुर्ची रिकामी होईल तिच्यावर त्याने बसायचं. खुर्ची निवडायची नाही. गिऱ्हाईक खुर्ची निवडायला लागलं की दुकानाचे दोन तुकडे पडतात, असं सासरे म्हणायचे. म्हातारा कडू होता, पण धंद्यातलं त्याला कळायचं.

आता साडूचं सांगतो. आमच्याकडे यायच्या आधी तीन दुकानांतून त्याची हकालपट्टी झाली होती. हात चांगला, पण जीभ म्हणजे नुसती कात्री. उचलली जीभ की लावली टाळ्याला. एका टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, कापायचे कुठले ते बोट ठेवून दाखवा. दुसऱ्या दुकानात रेडिओच्या आवाजावरून मालकाशी जुंपली, तर यानं तो चालू रेडिओ उचलून रस्त्यात भिरकावला. तिसऱ्या दुकानात काय झालं ते माझी मेहुणी आजवर कुणाला सांगत नाही. आमच्याकडे आला त्याच आठवड्यात खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून माझ्यावर चिडला आणि कंगव्यांची बरणी आरशावर मारली. त्या आरशाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. नवा आरसा मी लावू दिला नाही. तडा राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे माणूस कसा आहे, असा माझा साधा हिशेब.

स्वतःच्या आईलाही त्यानं सोडलं नव्हतं. चारचौघांत तिला म्हणाला होता, तू मेलीस तरी मी येणार नाही. ती माउली गाठोडं उचलून लेकीकडे राहायला गेली, दोन गल्ल्या पलीकडे. सहा वर्षं हा माणूस त्या गल्लीत फिरकला नाही. भाजी आणायलासुद्धा लांबून वळसा घालून जायचा.

आणि मी? माझा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. माझा बाप्तिस्मा पाळण्यात झाला, त्याचा दाखला कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. दर रविवारी चर्चमध्ये दानाची थैली फिरवतो तो मीच. गीतांचे आकडे फळ्यावर लावतो तोही मीच. प्रभूनं आपलं पापातून तारण केलं आहे यात मला कधी शंका नव्हती. घराचे कागद कसे असतात, एकदा नावावर झाले की रोज उघडून थोडेच बघतो आपण. तसं ते होतं. होतं म्हणजे होतं.

खरं सांगू? साडूची ती भांडकुदळ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. तो कुणावर तरी खेकसायचा, गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं आणि मी हळूच मान हलवायचो. चालायचंच, सांभाळून घ्यायला हवं, अशी. लोक मला देवमाणूस म्हणायचे. त्याच्याशेजारी उभं राहून देवमाणूस व्हायला काही कष्ट नव्हते.

मग तो बदलला. कसा, तेही धड सांगण्यासारखं नाही. बायकोनं फारच लकडा लावला म्हणून तो एका बुधवारी चर्चमध्ये प्रार्थनेला आला. जेमतेम अकरा माणसं होतो. ट्यूबलाइट लुकलुकत होती, पाळकसाहेबांना सर्दी झाली होती आणि दर दोन वाक्यांमागे ते नाक पुसत होते. मी त्याच्याच बाकावर बसलो होतो. जे त्यानं ऐकलं ते सगळं मीही ऐकलं. मी त्या वेळी पुढच्या माणसाची मान बघत होतो आणि याला कटिंगला येऊन दीड महिना झाला, असा विचार करत होतो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचलो तर साडू माझ्याआधी हजर. झाडून झालेलं, टॉवेल घडी घातलेले. म्हणाला, "दादा, आरशाचं मला माफ कर." मी म्हणालो, अरे त्यात काय, प्रभू क्षमा करणारा आहे. मनात म्हणालो, नव्याचे नऊ दिवस. बघू.

नऊ दिवस झाले. नऊ महिने झाले. तिसरं वर्ष लागलं. मी वाटच बघत राहिलो.

तो गोडबोल्या झाला असता तर मी त्याला ढोंगी तरी म्हणालो असतो. तसा तो झाला नाही. राग त्याला अजूनही येतो. कान आधी लाल होतात. मग तो कात्री खाली ठेवतो, मागच्या नळावर जाऊन हात धुतो आणि परत येतो. गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालं होतं, त्याचे कान लाल झाले की ती आपली गप्प बसून राहायची. एवढं करूनही एखाद्याला वेडंवाकडं बोललाच, तर दुकान बंद केल्यावर थेट त्या माणसाच्या घरी. उद्या नाही, त्याच दिवशी. दारात उभा राहून म्हणायचा, सकाळी चुकलो. लोकांनाच अवघडल्यासारखं व्हायचं.

आईकडेही गेला. आमची सुट्टी सोमवारी असते. पहिल्या सोमवारी तिनं दार उघडलं नाही. हा अर्धा तास उभा राहून परत आला. दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्याही, चौथ्याही. पाचव्या सोमवारी दार उघडलं आणि म्हातारी एवढंच म्हणाली, केस फार वाढलेत माझे. तेव्हापासून दर सोमवारी तो तिचे केस धुतो, विंचरतो, टोकं कापतो. ही हकीकत माझ्या बायकोनं मला डोळे पुसत पुसत सांगितली. मी म्हणालो, मुलानं आईचे केस धुतले यात रडण्यासारखं काय आहे? मी माझ्या आईशी कधी भांडलोच नाही.

"भेटताही कुठे," बायको म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळलं गेलं नाही ते बाकाचं. एका शनिवारी माझी खुर्ची रिकामी झाली, मी कापड झटकलं आणि बाकाकडे बघितलं. नंबर मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आमच्याच चर्चच्या मंडळीतले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, तुम्ही पुढचा घ्या, मी यांच्याकडे करतो. यांच्याकडे म्हणजे साडूकडे. सासऱ्यांचा नियम त्या दिवशी मोडला. मग हळूहळू सगळेच थांबायला लागले. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला नाही. आजही नाही. माझी दाढी लोण्यासारखी होते, त्याची खरखरीत. पण लोकांना त्याच्या खुर्चीत बसून मन मोकळं करायचं असायचं. पाळकसाहेबांच्या दाढीचा मान तेवढा माझ्याकडे राहिला होता, तोही बहुधा त्यांना नियम मोडवत नव्हता म्हणून.

 पुसलेला वस्तरा पुन्हा पुसत उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, प्रभू, हा कुठला न्याय? मी काय तुझा आरसा फोडला नाही म्हणून माझी किंमत नाही?

एकदा न राहवून मी त्याला विचारलंच. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं, तुला नक्की मिळालं तरी काय? तारण तर माझंही झालेलं आहे, तुझ्याआधी चाळीस वर्षं. तो टॉवेल पिळत होता. 

"तुझं झालेलं आहे, दादा. माझंही झालंय," तो म्हणाला. "पण मी सकाळी उठतो ना, तेव्हा तोंड उघडायच्या आधी मला ते पुन्हा मागावं लागतं. नाहीतर दहा वाजेपर्यंत मी पहिल्यासारखा."

मी त्याला समजावलं की असं नसतं, तारण एकदाच होतं, लहानपणी आम्ही सगळं पाठ केलेलं आहे. तो म्हणाला, असेल, तुला जास्त माहीत. आणि टॉवेल वाळत घालायला गेला. बघा, भांडायची सोय म्हणून ठेवली नव्हती या माणसानं.

आता शुक्रवारचं. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी साक्षीची सभा असते. ज्याला वाटेल त्यानं उठून सांगायचं, प्रभूनं मला कशातून वाचवलं. कुणी आजारातून वाचलेलं असतं, कुणी व्यसनातून. साडूची साक्ष झाली की अर्धी मंडळी रुमाल शोधायची. माझी साक्ष दर वर्षी एकच, 'प्रभूनं मला लहानपणापासून सांभाळलं, त्याचे आभार.' माझं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक पिशव्या आवरायला लागायचे. सांभाळलेल्या माणसाची गोष्ट कोण ऐकतो?

त्या शुक्रवारी साडू बोलला आणि खाली बसला. आईनं त्याला पहिल्यांदा जवळ बसवून जेवू घातलं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. सगळीकडे हुंदके. पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कुणी? आणि मी उठलो. देवाशपथ, उठलो तेव्हा माझ्या तोंडात माझं नेहमीचंच वाक्य होतं. पण समोरची बाई पर्समध्ये चष्मा ठेवायला लागली. मी उभा राहिल्याबरोबर. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हणालो, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत बसलं होतं. त्यानं माझा फार अपमान केला होता. वस्तरा त्याच्या गळ्यावर होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि माझ्या मनात आलं, आता एकदाच ओढावा. हात निघाला होता. तेवढ्यात प्रभूनं माझं मनगट धरलं.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. असं गिऱ्हाईक नव्हतं, असा अपमान नव्हता, असा दिवसच उगवला नव्हता. पण काय सांगू, बाईनं चष्मा पुन्हा काढून डोळ्यांना लावला. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी घरी चालत गेलो तो जमिनीवरून नव्हेच.

 घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कोण होता तो माणूस? मी म्हटलं, जाऊ दे, झालं गेलं. ती म्हणाली, कुणाच्या डोक्यात कोंडा झालाय हेसुद्धा तुम्ही जेवताना मला सांगता, आणि हे बारा वर्षं सांगितलं नाहीत? मी पाणी प्यायलो आणि दिवा मालवला.

हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला, बातमी पसरल्यावर, मंगळवारी कळलं. आधी मास्तर आले. माझी खुर्ची रिकामी बघून म्हणाले, घाई नाही मला. ते नेहमीचंच. पण मग पोस्टमन आला, ज्याला कुठलीही खुर्ची चालायची. तो माझ्या खुर्चीत बसला, कापड बांधून घेतलं आणि चाचरत म्हणाला, नुसतं मशीन फिरवलं तरी चालेल, मानेला वस्तरा नको लावू. बुधवारी एक जण बसला, माझा हात वस्तऱ्याकडे गेलेला पाहिला आणि अचानक त्याला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. गुरुवारपर्यंत मंडळीबाहेरच्या लोकांनाही कळलं होतं. माझ्या बाजूचे अकरा टॉवेल सकाळी घडी करून ठेवलेले तसेच संध्याकाळी घडीत. आणि पाळकसाहेबांनी दाढी वाढवायला घेतली.

रविवारी तर कहरच. उपासनेत त्यांनी सगळ्यांना उठायला सांगितलं आणि म्हणाले, आपल्या एका बंधूच्या हातासाठी प्रार्थना करू. शंभर माणसं डोळे मिटून माझ्या हातासाठी प्रार्थना करत होती. माझ्या त्या हातात दानाची थैली होती.

खरं बोललो असतो तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य काय होतं बघा. 'मी प्रभूच्या घरात उभा राहून, प्रभूचं नाव घेऊन थाप मारली.' गळा कापायला निघालेला आणि सुधारलेला माणूस मंडळीत बसू शकतो. थापाड्याला थैली कोण धरू देणार? म्हणून मी गप्प बसलो. लोक मला खुनी समजत होते ते परवडलं, पण खोटारडा नको. दुकान जाईल की नाव जाईल, एवढंच माझ्यापुढे उरलं होतं. आणि मी रोज सकाळी ठरवायचो की दुकान गेलं तरी चालेल.

या सगळ्यात साडू काय करत होता? माझी बाजू घेत होता, आणखी काय. बाकावरच्या प्रत्येकाला म्हणायचा, दादाकडे बसा, माझ्यापेक्षा हात हलका आहे त्याचा. ते नको नको म्हणायचे आणि त्याच्याकडेच बसायचे. संध्याकाळी त्याचे खांदे दुखून यायचे. माझे हात रिकामे, त्याचे भरलेले, आणि वर हा मला गिऱ्हाईक वाटणार. तेल गेलं, तूप गेलं, आणि हातात काय उरलं, तर साडूची दया. तिरस्कार सोसवला असता हो. दया नाही सोसवत.

तीन आठवडे असे गेले. चौथ्या शनिवारी सकाळी बाक गच्च भरलेला होता, दोघे जण दारात उभे. मी माझ्या खुर्चीमागे, नेहमीसारखा. साडूनं एका गिऱ्हाइकाची दाढी संपवली, कापड झटकलं, अंगातला कामाचा सदरा काढून खुंटीला अडकवला. मला वाटलं, चहाला निघाला. तो आला आणि माझ्या खुर्चीत बसला.

"दाढी कर, दादा," तो म्हणाला. "वस्तऱ्यानं. गळ्यापर्यंत."

बाकावर कुणी हललं नाही. तो हे कशासाठी करतोय ते मला तेव्हाच कळलं. या सगळ्यांनी बघावं म्हणून. त्याचा गळा धड राहिला की उद्यापासून लोक माझ्याकडे बसतील म्हणून. आणि ते कळल्याबरोबर मला उपकार नाही वाटला. संताप आला. म्हणजे आता मला वाचवणार तोही हाच? माझं दुकान, माझं नाव, माझी खोटी साक्षसुद्धा शेवटी याच्याच चांगुलपणाच्या गोष्टीत जाऊन बसणार? पुढच्या शुक्रवारी हेही लोक रुमाल काढून ऐकतील.

मी कापड बांधलं. फेस केला, लावला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढून धार लावली. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. मग मी त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि वस्तरा गळ्यावर ठेवला. त्यानं डोळे मिटले होते. गळ्याची शीर उडत होती, बारीक, एकसारखी. आणि माझ्या मनात आलं, हा नसता तर.

कापावा असं नाही आलं. तेवढा मी शूर नाही. फक्त, हा नसता तर किती बरं झालं असतं. हा डोळ्यांसमोर नसता, याची आई नसती, याचं ते बुधवारचं काही झालंच नसतं, तो अजून रेडिओ फेकणारा असता आणि मी अजून देवमाणूस. मला तो बुडालेला हवा होता. तीन वर्षं मी रोज वाट बघत होतो की तो परत बुडेल. प्रभूनं बाहेर काढलेल्या माणसाच्या बाबतीत मी हे रोज मागत होतो, आणि रविवारी थैली फिरवत होतो.

माझा हात हलला आणि वस्तरा त्याच्या गळ्याला लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वस्तऱ्याला रक्त लागलं. नखाएवढं असेल, पण पांढऱ्या फेसावर ते भलतंच लाल दिसलं. दारातल्या एकानं श्वास आत ओढला. साडूनं डोळे उघडले नाहीत.

मी वस्तरा खाली ठेवला. तुरटी घेतली, ओली केली आणि त्याच्या गळ्यावर दाबून धरली. तुरटी हातात होती म्हणून बरं, दोन्ही हातांना काम होतं. बाकाकडे पाठ ठेवूनच मी बोललो.

"त्या शुक्रवारी मी जे सांगितलं ते खोटं होतं. असं गिऱ्हाईक कधी नव्हतंच. मी थाप मारली, कारण याची साक्ष ऐकून तुम्ही रडता आणि माझ्या वेळी पिशव्या आवरता. मी याच्यावर जळतो. खरं एवढंच आहे."

 मग वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मास्तर उठले आणि माझ्या बाजूला येऊन आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, तू प्रभूच्या घरात खोटं बोललास आणि मी तुझ्यासाठी उपास केला.  ते गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे गेले. पोस्टमन बसून राहिला, पण तो खाली फरशीकडे बघत होता. मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. छे, घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

साडू अजून तसाच. मान मागे, डोळे मिटलेले, अर्ध्या गळ्यावर फेस. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, ऊठ, झालं. तू कशाला बसलास इथे? जे झालंच नव्हतं त्याच्यासाठी तू गळा पुढे केलास, बघितलंस ना?

"ते खोटं होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं, दादा," तो म्हणाला. "तुला ओळखतो मी. तू गिऱ्हाइकावर वस्तरा उगारणारा माणूस नाहीस."

"मग?"

"तू माझ्यावर जळतोस हे खरं होतं. तेही मला माहीत होतं." त्यानं डोळे उघडले आणि उलट्या मानेनं माझ्याकडे बघितलं. "तरी बसलो."

मला खाली बसावंसं वाटलं, पण आमच्याकडे बसायची जागा फक्त गिऱ्हाइकाची असते. मी वस्तरा धुतला, पुसला, पट्ट्यावर दोनदा ओढला. माझा हात स्थिर झाला होता असं सांगितलं तर ती आणखी एक खोटी साक्ष होईल. तो थरथरत होता, आणि साडूला ते दिसत होतं. त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि मान आणखी मागे टाकली.